पायाखालचा इतिहास

जुनी गाडी विकत घ्यायला जाणारा अनुभवी माणूस आधी मीटर पाहत नाही. तो दरवाजा उघडतो, गुडघे मोडून खाली वाकतो आणि पेडलवरचे रबर पाहतो. मीटर मागे फिरवता येते. रंग नवा मारता येतो, सीटवर नवे कव्हर चढवता येते. पण मीटर तीस हजार किलोमीटर दाखवत असेल आणि ब्रेकच्या रबराची नक्षी पार झिजून तळहातासारखी गुळगुळीत झाली असेल, तर मीटर खोटे बोलत आहे हे समजायला जास्त अक्कल लागत नाही. मुंबई-पुण्याच्या गॅरेजमधली पोरेसुद्धा ही परीक्षा जाणतात. आणि हे माहीत असलेला विक्रेता गाडी दाखवण्यापूर्वी पेडलचे रबर बदलून टाकतो!

इतिहास वाचणाऱ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. दरवाजावरचा शिलालेख बादशहाने स्वतःच लिहवून घेतलेला असतो. त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर पडलेली झीज मात्र कुणी हुकूम देऊन पाडलेली नसते. खरे काय घडले हे कळायला पुष्कळदा पायाखालीच पाहावे लागते.

हे सारे सुचायला कारण माझा भाचा. तो नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. तिथे त्याने एक जुनी, दोन आसनांची माझदा एमएक्स-५ घेतली. पगारातून पैसे साठवून घेतलेली पहिली गाडी, म्हणून तिच्यावर जीव. एका रात्री त्याने फोटो पाठवले आणि मागोमाग फोन केला. "मामू, आतली रबरी पेडलं काढून ॲल्युमिनियमची लावतोय. भोकं पाडलेली, रेसिंगवाली. डाव्या पायाखाली धातूची पट्टी, खाली नवं कार्पेट, वर जाड मॅट. कसं दिसेल?"

छान दिसेल, असे मी म्हणालो. मामाचे कामच ते. पण फोन ठेवल्यावर एक प्रश्न डोक्यात राहिला. पेडलला भोके का पाडतात? जी वस्तू बसल्यावर दिसतही नाही, फक्त पायाला कळते, तिला सजवावे असे माणसाला का वाटले? उत्तर शोधता शोधता मी सव्वाशेहून जास्त वर्षे मागे गेलो. त्या प्रवासात काय सापडले ते इथे मांडतो.

पायाला काम कसे मिळाले

पहिल्या मोटारींमध्ये पायाला फारसे कामच नव्हते. कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. ती वळवायला एक दांडी होती आणि थांबवायला हाताने ओढायचा लिव्हर. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीने निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका गावात मोच्याला गाठले आणि ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची सुरुवात ही अशी सांगितली जाते. पायाच्या चपला शिवणारा कारागीर मोटारीच्या इतिहासात पहिल्याच प्रकरणात हजर आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

पायाने यंत्र चालवणे मात्र जगाला नवे नव्हते. चर्चमधला ऑर्गन पायाने वाजत होता, शिलाई मशीन पायाने चालत होते. आपल्याकडे येवल्याचा विणकर तर कित्येक पिढ्या जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत आला आहे. हात धोटा फेकतात आणि खाली, डोळ्यांआड, पाय दांड्या दाबून ताण्याचे धागे वरखाली करतात. विणकर खाली पाहत नाही. पायाला आपली जागा पाठ असते. मोटारीत ड्रायव्हरच्या पायांसाठी जो खळगा असतो तो आणि हा खड्डा एकाच जातीचे आहेत. हाताला एक काम दिले, डोळ्याला दुसरे, आता तिसरे काम न पाहता करायचे, म्हणून ते पायाकडे आले.

पण कोणते काम कोणत्या पायाकडे, यावर तीसेक वर्षे एकमत नव्हते. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तीन पेडल होती, पण आजचा ड्रायव्हर तिच्यात बसला तर पहिल्याच वळणावर भिंतीत जाईल. डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी हळू गिअरमध्ये चाले, सोडले की वेगाच्या गिअरमध्ये. मधले पेडल गाडी मागे नेण्यासाठी. उजवे ब्रेकचे. आणि आपण ज्याला 'रेस' म्हणतो ती पायात नव्हतीच, स्टिअरिंगजवळच्या एका छोट्या दांडीला होती. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. म्हणजे कोट्यवधी माणसांच्या पायांना हीच भाषा येत होती.

आज आपण जी मांडणी गृहीत धरतो, ती म्हणजे डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे रेस आणि दोन सीटच्या मध्ये गिअर व हँडब्रेक. ती १९१६ च्या कॅडिलॅकच्या टाइप ५३ मध्ये एकत्र दिसते. पुढे १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या इंग्रजी गाडीने ती सामान्य माणसाच्या दारापर्यंत नेली. आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजवीकडून डावीकडे 'ए, बी, सी' असे जे पाठ करून घेतात, त्या पाठाचे वय साधारण एवढेच.

लक्षात घ्या, या मांडणीत नैसर्गिक असे काहीच नाही. वेगवान गाड्या बनवणाऱ्यांनी तर ती कितीतरी वर्षे मानलीच नाही. १९२० च्या दशकातल्या बेंटलीमध्ये रेसचे पेडल मध्ये आणि ब्रेक उजवीकडे होता. १९५० च्या दशकातल्या मासेराती २५० एफ या प्रसिद्ध शर्यतीच्या गाडीतही रेस मध्येच. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाणाऱ्या ड्रायव्हरला मेंदूने नव्हे, पायाने विसरावे लागे. आणि पाय सहजासहजी विसरत नाही. घाबरलेल्या क्षणी तर तो जुनेच पाठांतर म्हणून दाखवतो. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

टाच, बोटे आणि भोके

आता भोकांकडे येऊ. शर्यतीच्या गाडीत वळणाआधी ब्रेक दाबावा लागतो आणि त्याच वेळी गिअर खाली आणावा लागतो. खालचा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिनाला एकदम जास्त वेगाने फिरावे लागते. ते तयार नसेल तर गाडीला झटका बसतो आणि मागची चाके घसरू शकतात. म्हणून ड्रायव्हर उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबून धरतो आणि त्याच पायाच्या टाचेने किंवा कडेने रेसला एक हलका टोला देतो. डावा पाय क्लचवर, डावा किंवा उजवा हात गिअरवर, डोळे वळणावर. दोन पायांनी तीन पेडल एकाच वेळी! यालाच टाच-बोटांचे तंत्र म्हणतात. ब्राझीलचा आयर्टन सेना सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवतानाचे एक चित्रण प्रसिद्ध आहे. त्यात कॅमेरा त्याच्या पायांवर रोखलेला आहे. अंगात साधे कपडे, पायात पांढरे मोजे आणि रोजचे बूट, आणि तो पाय पेडलवर असा नाचतो की तबलजीची बोटे आठवावीत.

हे करायचे तर ब्रेक आणि रेस एकमेकांच्या जवळ हवेत, त्यांची उंची जुळायला हवी आणि पाय घसरता कामा नये. शर्यतीच्या ड्रायव्हरच्या बुटाला तेल लागलेले असते, पावसाचे पाणी असते, चिखल असतो. भोकांमुळे पाणी आणि चिखल खाली जातो आणि भोकांच्या कडा बुटाच्या तळव्याला धरून ठेवतात. शिवाय वजन कमी होते. शर्यतीच्या गाडीत ग्रॅम ग्रॅम वाचवण्याचे वेड फार जुने. हँडलला भोके, सीटच्या पट्टीला भोके, मग पेडलने काय पाप केले?

म्हणजे भोके ही मुळात शोभा नव्हती, गरज होती. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलीसमध्ये पेडल ॲल्युमिनियमचीच होती, पण ती वरून चिकटवलेली नव्हती. गाडीचा सांगाडा ज्या पद्धतीने ॲल्युमिनियम साच्यातून दाबून काढून केला, त्याच पद्धतीने पेडलही केली. सगळी गाडी साधारण सव्वासातशे किलोची. तिथे पेडलचे सौंदर्य हे त्याच्या कामातून आलेले सौंदर्य आहे.

पण माणसाचा स्वभाव असा की शूराच्या अंगावर जे दिसते ते त्याला आपल्या अंगावर हवे असते. तलवार चालवता येत नसली तरी तलवारीच्या मुठीची नक्षी त्याला दाराच्या कडीवर हवी. इटलीत १९६४ मध्ये मोमो, १९७३ मध्ये ओएमपी, १९७७ मध्ये स्पार्को अशा कंपन्या निघाल्या. शर्यतीच्या जगात त्यांनी नाव कमावले आणि ते नाव पुढे रस्त्यावरच्या गाड्यांच्या सामानालाही लागले. स्टिअरिंग, गिअरची मूठ, पेडलचे संच. यात वाईट काही नाही. फक्त एक फरक ध्यानात ठेवायला हवा. शर्यतीत पेडलच बदलतात, बाजारात बहुतेक वेळा जुन्या पेडलवर नवी टोपी चढवतात.

खळग्यातला माणूस

पाय ज्या खळग्यात राहतात त्याचाही इतिहास आहे. जानेवारी १९५५ मध्ये ब्युनोस आयर्सला झालेली अर्जेंटिनाची शर्यत भयंकर उन्हात झाली. ड्रायव्हर चक्कर येऊन गाडीतून उतरत होते, एका गाडीला दोन-दोन, तीन-तीन जण आळीपाळीने चालवत होते. हुआन मॅन्युएल फांजिओ शेवटपर्यंत एकटा चालवत राहिला आणि जिंकला. पण त्याच्या मर्सिडीजमध्ये ड्रायव्हर यंत्राच्या दोन्ही बाजूंना पाय फाकवून बसत असे, आणि आतली तापलेली नळी पायाला लागून त्याचा पाय भाजला. पायाशी अस्तर कशाला हवे, या प्रश्नाचे हे एक उत्तर. आज ज्याला आपण सजावट म्हणतो त्या कार्पेटचे पहिले काम उष्णता आणि आवाज अडवणे हे आहे.

दुसरे उदाहरण गमतीचे. १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वार ई-टाइप आली आणि लोक वेडे झाले. पण पहिल्या गाड्यांची जमीन सपाट होती. उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागत. वर्षभराच्या आत कंपनीने पायांसाठी जमीन खाली दाबून खळगा केला आणि माणसे सुखाने बसू लागली. आज संग्राहक मात्र त्या सपाट जमिनीच्या, गैरसोयीच्या गाड्यांनाच जास्त पैसे मोजतात, कारण त्या थोड्या आहेत आणि आधीच्या आहेत. इतिहासाचे बाजारमूल्य आणि उपयोगमूल्य नेहमीच एका दिशेने जात नाही.

तिसरी गोष्ट हसण्यासारखी नाही.

क्ले रेगाझोनी हा इटालियन बोलणाऱ्या स्वित्झर्लंडचा ड्रायव्हर. फेरारीसाठी जिंकलेला, मिशीवाला, दिलदार माणूस. जुलै १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला त्याने विल्यम्स संघाला त्यांच्या इतिहासातला पहिला विजय मिळवून दिला. त्या संघाचे प्रायोजक सौदी होते, म्हणून त्यांचा मान राखत विजयाच्या व्यासपीठावर त्याने शॅम्पेन टाळली आणि मद्य नसलेले पेय घेतले. पुढच्या वर्षी तो एन्साइन नावाच्या छोट्या संघाकडे गेला. ३० मार्च १९८० रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या रस्त्यांवर शर्यत होती. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, पूर्ण वेगात, त्याने ब्रेक दाबला आणि ब्रेकचे पेडल निकामी झाले. बाहेर पडण्याच्या वाटेत एक बंद पडलेली गाडी उभी होती. तिला धडकून त्याची गाडी काँक्रीटच्या भिंतीवर गेली. रेगाझोनी वाचला. कमरेखालचे शरीर कायमचे गेले.

त्या काळात शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरचे पाय अगदी नाकाशी, पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे असत. गाडी धडकली की पहिली धडक पायांना. १९८२ मध्ये हॉकेनहाइमला दिदिए पिरोनीचे पाय चिरडले, तो पुन्हा कधी फॉर्म्युला वनमध्ये शर्यतीला उतरला नाही. १९८६ मध्ये ब्रँड्स हॅचला जाक लाफितचे पाय मोडले. शेवटी १९८८ पासून नियम आला की ड्रायव्हरचे पाय पुढच्या आसाच्या मागेच असले पाहिजेत. काही सेंटिमीटरची गोष्ट. पण ती कागदावर यायला किती माणसांचे पाय खर्ची पडले!

रेगाझोनीची गोष्ट मात्र चाकाच्या खुर्चीत संपली नाही. त्याने हाताने चालणारी यंत्रणा बसवलेल्या गाड्या शिकून घेतल्या. ब्रेक हाताने, रेस हाताने. पुन्हा शर्यती केल्या, डाकारच्या वाळवंटी स्पर्धेत उतरला. आणि याहून मोठे काम म्हणजे अपंग माणसांना गाडी चालवायला शिकवण्यासाठी, त्यांना परवाना मिळावा यासाठी तो झटत राहिला. १५ डिसेंबर २००६ रोजी इटलीतल्या महामार्गावर अपघातात त्याचा मृत्यू झाला. पायाकडून हिरावलेले काम त्याने हाताकडे परत नेले, जिथे ते बेंझच्या काळात होते. आपल्या देशात मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने 'अपंग व्यक्तीसाठी बदल केलेले वाहन' याची व्याख्या नव्याने आली. चौकातून जाणारी, मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर आपण रोज पाहतो. गाडीत केलेला सर्वात सुंदर बदल कोणता, असे मला कुणी विचारले तर मी त्या स्कूटरकडे बोट दाखवीन.

पेडलचा फोटो

पायाखालच्या खळग्यात गुपितेही लपतात. १९९७ मध्ये डॅरेन हीथ नावाच्या छायाचित्रकाराच्या लक्षात आले की मॅक्लारेनच्या गाड्यांची मागची ब्रेकची चकती वळणातून बाहेर पडताना, म्हणजे ब्रेक दाबायचे काही कारण नसताना, लालभडक होते आहे. आत काहीतरी वेगळे आहे, एवढा संशय आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नुरबर्गरिंगला दोन्ही मॅक्लारेन बंद पडल्या. मिका हॅकिनेन उतरून गेल्यावर या माणसाने रिकाम्या गाडीत कॅमेरा खाली घालून फोटो काढला. त्यात एक जादा पेडल होते. ते मागच्या एकाच बाजूच्या चाकाला ब्रेक लावत असे, त्यामुळे गाडी वळणात सहज वळे. रणगाडा किंवा ट्रॅक्टर जसा एका बाजूला अडवून वळवतात तसे. फोटो छापून आला, गदारोळ झाला आणि १९९८ च्या हंगामाच्या सुरुवातीलाच ब्राझीलमध्ये त्यावर बंदी आली. करोडोंच्या त्या खेळात प्रतिस्पर्ध्यांचे अभियंते जे पाहू शकले नाहीत ते खाली वाकून पाहणाऱ्या एका माणसाला दिसले. पेडलचे रबर पाहणारा आपला गॅरेजवाला आणि हा छायाचित्रकार, दोघांची विद्या एकच.

साध्या माणसाचे पाय

आता शर्यतीतून रस्त्यावर येऊ, कारण खरी किंमत तिथेच मोजली गेली.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल तक्रारी येऊ लागल्या की ती ब्रेक दाबला असतानाही आपोआप सुसाट सुटते. नोव्हेंबर १९८६ मध्ये एका मोठ्या टीव्ही कार्यक्रमाने ते प्रकरण देशभर नेले. कंपनीची अमेरिकेतली विक्री १९८५ मध्ये ७४ हजारांच्या आसपास होती, ती १९९१ पर्यंत १२ हजारांच्या आसपास आली. १९८९ मध्ये सरकारी यंत्रणेचा निष्कर्ष आला: बहुतेक प्रकरणांत ब्रेक समजून रेसच दाबली गेली होती. पण अहवालाने पेडलच्या मांडणीचाही उल्लेख केला. अमेरिकन गाड्यांची सवय असलेल्या पायाला या जर्मन गाडीची पेडल वेगळ्या जागी, वेगळ्या अंतरावर भेटत होती. घाबरलेला पाय जुने पाठांतर म्हणून दाखवतो, असे मी वर म्हटले ते यासाठी. मग ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पार्किंगमधून निघणारच नाही अशी कडी बसवण्याची पद्धत रूढ झाली. दोष फक्त माणसाचा म्हणून हात झटकण्यापेक्षा माणूस चुकणार हे धरूनच वस्तू घडवणे अधिक शहाणपणाचे, हा धडा त्यातून निघाला.

आणि मॅट. भाच्याच्या यादीतली सर्वात स्वस्त, सर्वात निरुपद्रवी वाटणारी वस्तू.

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एक कुटुंब लेक्सस गाडीतून जात होते. आपली गाडी दुरुस्तीला दिली होती म्हणून डीलरने तात्पुरती दिलेली ही गाडी. चालवणारा स्वतः महामार्ग पोलीस दलातला अधिकारी, म्हणजे गाडी हाताळण्यात तरबेज माणूस. त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती आणि ती आकड्यांना अडकवलेली नव्हती. मॅट पुढे सरकली, रेसचे पेडल तिच्यात अडकले आणि गाडी थांबेना. गाडीतले चौघेही गेले. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून सुरुवातीलाच सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलावल्या. काही गाड्यांमधली रेसची पेडल कापून आखूड करण्यात आली. इलेक्ट्रॉनिक दोष असावा अशी शंका होती, म्हणून नासाच्या अभियंत्यांनी तपासणी केली. २०११ मध्ये त्यांनी सांगितले की तसा दोष सापडला नाही. मॅटमध्ये अडकणारी पेडल आणि चिकटणारी पेडल हीच कारणे पुढे आली. ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीला अमेरिकन सरकारला १२० कोटी डॉलर द्यावे लागले.

ज्या मॅटवर आपण बुटांची माती झटकतो, तिच्यापायी एवढे घडले. हे वाचून मी त्या रात्री झोपलो नाही असे म्हणणार नाही, पण सकाळी पहिला फोन भाच्याला केला हे खरे.

फोनवरचे बोलणे

तो आधी हसला. "मामू, तुम्ही तर लग्नाच्या कपड्यांना कफन म्हणताय!" मग मी त्याला लाँग बीच सांगितले, सॅन डिएगो सांगितले. तो गप्प झाला. इंजिनिअर मुलगा आहे, मुद्दा चटकन कळतो. मग आम्ही दोघांनी मिळून त्याची यादी पुन्हा तपासली.

पेडलवर नुसत्या चिमट्यांनी बसणाऱ्या टोप्या नकोत, पूर्ण दाबल्यावर त्या फिरतात आणि निसटतात. नट-बोल्टने घट्ट बसणारा, त्याच मॉडेलसाठी घडवलेला संच हवा, आणि बोल्टचे टोक मागे इतके लांब नको की कशात अडकेल. नुसते गुळगुळीत ॲल्युमिनियम ओल्या बुटाखाली साबणासारखे असते, म्हणून रबराचे ठिपके किंवा उठावदार कडा असलेलेच घ्यायचे. नव्या धातूच्या जाडीने ब्रेक आणि रेस यांतले अंतर आणि उंची बदलते, म्हणून बसवल्यावर इंजिन बंद ठेवून, आपल्या नेहमीच्या बुटांनी, प्रत्येक पेडल तळापर्यंत दाबून पाहायचे. ब्रेक दाबताना बुटाची कड रेसला नको असताना लागते का? सोडल्यावर रेस झटकन वर येते का? कार्पेट पेडलच्या मागे फुगते का? आणि मॅट एकच, त्याच गाडीची, आकड्यांना अडकवलेली. जुन्या मॅटवर नवी मॅट कधीच नाही. डाव्या पायाखालची पट्टी मात्र बिनधास्त लाव म्हणालो. वळणात अंग सावरायला डाव्या पायाला आधार लागतोच, ती शोभेची वस्तू नव्हे.

या यादीत मी सांगितलेले नवीन काहीच नाही. प्रत्येक कलमामागे कुणीतरी आधी किंमत दिलेली आहे. आपण सुरक्षेचे नियम वाचतो तेव्हा ते कुणा कारकुनाने कंटाळून लिहिले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ती मृतांची आणि जखमींची वही असते. नाव पुसलेले असते, धडा तेवढा राहतो. इतिहासाचा उपयोग काय, असे मला पुष्कळ जण विचारतात. दुसऱ्याच्या पायाला झालेली जखम आपल्या पायाला न होता समजणे, एवढा जरी उपयोग झाला तरी मला पुरे आहे.

आठवड्याने भाच्याने फोटो पाठवला. पेडल बसली होती, चकचकीत, रबराच्या ठिपक्यांची. मॅटचे दोन्ही आकडे मुद्दाम दिसतील असा फोटो. सोबत दुसरा फोटो होता: काढलेली जुनी रबरे, एका डब्यात. क्लचचे रबर डाव्या कडेला जास्त झिजलेले, ब्रेकचे अगदी मधोमध.

"फेकली नाहीस?" मी विचारले.

"नाही मामू," तो म्हणाला. "उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला दाखवीन. मीटरवर विश्वास ठेवायला कशाला सांगू?"